अडतीस पेट्या

मला गावात नेस्ता काटा म्हणतात. आमच्या कुमगारनमध्ये आडनावं मोजून चार, त्यामुळे माणूस ओळखायचा तो कामावरून. एक इव्हान पाववाला, दुसरा इव्हान ऑर्गन, तशी मी काटा. पत्र्याच्या कारखान्यात तोलकाट्यापाशी मी बत्तीस वर्षं बसले आणि बत्तीस वर्षं बहुतेक एकच आकडा लिहिला. अडतीस.

हे ऐकून लोकांना वाटतं, काय आरामाची नोकरी. ज्यांना तसं वाटतं त्यांनी रोज पंचेचाळीस तोलून अडतीस लिहून बघावं.

कारखान्यात आठ मिल होत्या. मिल म्हणजे एकावर एक बसवलेले दोन जाडजूड लोखंडी रोल, शेजारी भट्टी आणि चार माणसं. भट्टीवाला लाल झालेली पट्टी चिमट्याने बाहेर ओढतो, रोलवाला ती लाटतो, मागचा झेलून परत देतो, चौथा तिची घडी घालतो. घडीवर घडी पडत पातळ पत्रे होतात आणि ते एकमेकांपासून सोडवायला पलीकडे बायका बसतात. एकशे बारा पत्र्यांची एक पेटी. आठ तासांच्या पाळीत एका मिलने अडतीस पेट्या करायच्या, त्याहून जास्त नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीने ते आपसांत ठरवलं होतं, कारण एकाने जास्त करून दाखवलं की मालक सगळ्यांकडून तेवढंच मागतो, हे त्यांना एकदा चांगलंच कळून चुकलं होतं.

जास्त नाही, तसं कमीही नाही. ज्या मिलला अडतीस जमायच्या नाहीत तिला बाकीच्यांनी भर घालायची. तिसऱ्या मिलचा रोलवाला एल्फेड बेवन सहज पंचेचाळीस काढायचा. वरच्या सात पेट्या भट्ट्यांमागच्या कोपऱ्यात जायच्या, आणि ज्या मिलचा माणूस आजारी किंवा थकलेला असेल तिच्या नावावर मी त्या चढवायचे. याला आम्ही नुसतं कोपरा म्हणायचो. मजुरी पेटीमागे मिळायची, म्हणजे कोपऱ्यात गेलेली पेटी एल्फेडच्याच खिशातून गेलेली असायची. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. मॅनेजरला हे माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. बेरीज बरोबर यायची, आणि त्या गृहस्थाला बेरजेच्या वर बघायची हौस नव्हती.

आता हेही सांगितलं पाहिजे, की पाचव्या मिलचा भट्टीवाला गोमर हा माझा नवरा. तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून त्याची छाती गेली होती. चॅपेलचा चढ चढताना तो दोनदा थांबायचा आणि थांबण्यासाठी दोन्ही वेळा काहीतरी कारण काढायचा, कोणाची तरी बाग किंवा कोणाचं तरी कुत्रं. त्याच्यामुळे पाचवी मिल अठ्ठावीसच्या वर जात नव्हती. वरच्या दहा पेट्या कोपऱ्यातून यायच्या. गोमर त्रेसष्ट वर्षांचा होता आणि पूर्ण पेन्शन पासष्टाव्या वर्षी होती. अजून दोन वर्षं कोपरा टिकला की आपण सुटलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एकोणीसशे पन्नास सालच्या मार्चमध्ये लंडनहून मिस्टर टिपिंग आले. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती, आणि अमेरिकन कामगार एका दिवसात जेवढा माल काढतो तेवढा आपला का काढत नाही, या प्रश्नाने तिकडच्या शिकलेल्या लोकांची झोप उडाली होती. टिपिंग यांच्याकडे काम होतं ते दोन देशांचे साठ वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचं. पत्र्यासाठी त्यांनी आमचा कारखाना निवडला, आणि समुद्रापलीकडचा न्यू कुमगारन, ओहायो.

निवड हुशारीची होती. मागच्या शतकाच्या शेवटी अमेरिकेने बाहेरच्या पत्र्यावर जबर जकात बसवली तेव्हा आमचं अर्धं गाव बेकार झालं. ती माणसं बोटीत बसून तिकडे गेली आणि तिथे त्यांनी असाच कारखाना उभा केला. रोल तसेच, भट्ट्या तशाच, चॅपेलमधली गाणीसुद्धा तीच. तेव्हा फरक पडला असेल तर तो देशाचा, माणसांचा नाही, असं टिपिंग यांचं म्हणणं होतं.

गेलेल्यांपैकी परत आला तो एकच, एल्फेडचा चुलता सेथ. त्याला तिकडची हवा मानवली नाही. तो मरेपर्यंत चॅपेलच्या भिंतीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारायचा. त्याचा मुलगा इद्रिस मात्र तिकडेच राहिला आणि दर नाताळला फोटो पाठवायचा, मोटारगाडीला टेकून उभा. एल्फेडच्या स्वयंपाकघरात असे अकरा फोटो होते आणि गाडी दर दोन वर्षांनी नवी होती. त्याची बायको ते कौतुकाने पुसायची. एल्फेड त्यांच्याकडे पाठ करून जेवायचा.

टिपिंग दोन आठवडे माझ्या खोलीत बसून जुन्या वह्या चाळत होते. सडपातळ, सभ्य माणूस. साखर रेशनवर असताना मी त्यांना दोन गोड चकत्या दिल्या तर त्यांनी तिसऱ्या चकतीकडे बघितलंसुद्धा नाही, याची मी नोंद घेतली होती. मग एके दिवशी त्यांनी मोठा चौकटीचा कागद माझ्यासमोर पसरला.

"मिसेस प्रोबर्ट, ही तुमची रेघ. दर पाळीला, दर मिलला अडतीस. संप झाले, दोन युद्धं झाली, फ्लूची साथ येऊन गेली, तरी ती हलत नाही. खरे आकडे जरा तरी हलतात हो. हे पट्टीने ओढल्यासारखे आहेत."

"आमची माणसं नियमित आहेत," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी ओहायोची रेघ दाखवली. गंमत अशी, की सुरुवातीची कितीतरी वर्षं तीसुद्धा अडतीसवर सपाट झोपलेली होती. आमच्या लोकांनी गाण्यांच्या पुस्तकांबरोबर कोपराही ट्रंकेत घालून नेला होता तर. मला मनातून बरं वाटलं. मग एकोणीसशे नऊ साली ती रेघ उठली आणि वर वर जात राहिली, अठ्ठावीस साली छप्पन्नपर्यंत. पुढे तिथे मोठी नवी यंत्रं आली, तेव्हापासूनची तुलना त्यांनी सोडून दिली होती.

"नऊ साली तिथे कोणतं यंत्र बसवलं असेल?" त्यांनी विचारलं. "मला कागदपत्रांत काहीच सापडत नाही."

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं, आणि ते खरं होतं.

मग त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं की येत्या गुरुवारी सकाळची पूर्ण पाळी ते काट्याशेजारी बसणार आहेत आणि प्रत्येक मिलचा माल स्वतः लिहून घेणार आहेत. आठही मिल सारख्याच चालतात की काही जास्त आणि काही कमी, एवढंच त्यांना बघायचं होतं. तेवढं कळलं की कमी मिलमध्ये तेवढाच माल निघेल का, हे मॅनेजरला सांगता येणार होतं. मी मान डोलावली.

यात माझी एक चूक आहे आणि ती मी कोणावर ढकलणार नाही. टिपिंग यांनी तो आलेख शाईने नीट उतरवून मागितला, कारण माझं अक्षर आणि माझ्या रेघा चांगल्या. मी आमची निळी काढली, ओहायोची लाल. इतकी सुबक उतरली की वाळायला म्हणून तो कागद मी खोलीबाहेरच्या फळीवर टाचला आणि तसाच राहू दिला. पाळी बदलताना सगळे तिथूनच जातात.

त्यांनी तो बघितला. आपली रेघ निळी का, तर थंडीने गारठलीय म्हणून, असं कोणीतरी म्हणालं. ती आडवी पडलीय म्हणजे बहुतेक मॅनेजरची असावी, असं दुसरा म्हणाला. गोमर हसता हसता खोकला. एल्फेड मात्र सगळे गेल्यावरही उभा होता. त्याने लाल रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.

"हे किती गं?"

"छप्पन्न."

"एका पाळीत?"

"एका पाळीत. अठ्ठावीस साली."

तो गेला. कागदावर बोटाचा काळा ठसा राहिला. तेव्हाच मी कागद फाडायला हवा होता. पण खरं सांगते, मला त्याची मजा वाटली.

बुधवारी चॅपेलमध्ये गाण्याची तालीम झाल्यावर रोलवाल्यांनी दार लोटून घेतलं आणि मला थांबवलं. गुरुवारी काय करायचं ते ठरलं. सगळ्यांनी बरोबर अडतीसवर थांबायचं. चौथ्या आणि पाचव्या मिलचा माल एकाच हातगाडीवरून काट्याकडे येतो. चौथीचा हेडन अठ्ठेचाळीस काढेल आणि त्यातल्या दहा पेट्या वाटेतच पाचवीच्या बाजूला सरकवेल. सातवीला कमी पडतील तेवढ्या आठवी तशाच देईल. टिपिंग काट्यापाशी बसणार, वाटेत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, एल्फेडनेही. मी घरी येऊन गोमरला सांगितलं की झालं, मिटलं. तो म्हणाला, तुझा जीव उगाच टांगणीला लागतो.

गुरुवारी सहाला भोंगा झाला. टिपिंग माझ्या शेजारी वही उघडून बसले. सात वाजेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि ते कंटाळले. जरा फिरून येतो म्हणाले. मी खिडकीतून बघत होते. ते तिसऱ्या मिलपाशी थांबले, एल्फेडने टॉवेलने मान पुसत त्यांना काहीतरी विचारलं, आणि त्यांनी खिशातून टिपणवही काढली. काय बोलणं झालं ते गोमरने मला नंतर सांगितलं. एल्फेडने विचारलं की ते छप्पन्न कोणी काढले, नाव आहे का. टिपिंगना मदत करता आल्याचा आनंद झाला. त्यांनी पान शोधून वाचून दाखवलं, रोलवाला आय. बेवन.

मोटारगाडीला टेकलेला इद्रिस.

एल्फेडने म्हणे टॉवेल दातांत धरला आणि कामाला लागला.

साडेअकराच्या आत तिसऱ्या मिलची अडतिसावी पेटी काट्यावर आली. मी ती मांडली. टिपिंग यांनी लिहिली. मग एकोणचाळिसावी आली. मी पत्रे सोडवणाऱ्या हॅनाला हळूच म्हटलं की जा आणि त्याला सांग, थांब म्हणावं. ती गेली आणि चामड्याच्या एप्रनला हात पुसत परत आली.

"ऐकत नाही तो. आणि हेडनपण बिथरलाय. म्हणतो, एल्फेड पन्नासच्या वर जाणार आणि मी इथे दहा पेट्या दान करत बसू? गावात तोंड कसं दाखवू?"

"गोमरला सांग. तो एल्फेडला ओरडेल."

हॅनाने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. "गोमरच तर टॉवेल फिरवून आरडाओरडा करतोय. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच आहे. इद्रिसला झोपव म्हणतोय."

मी काट्यापासून उठू शकत नव्हते. साठ वर्षं मालकांनी धमक्या दिल्या, आमिषं दाखवली, एकदा तर पोलीसही आणले, तरी जी गोष्ट मोडली नाही ती चुलतभावाच्या एका आकड्याने मोडली. पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या मिलनेही जोर धरला. पत्रे सोडवणाऱ्या बायका गायला लागल्या. माणसं एवढी खूश मी विजयदिनालासुद्धा बघितली नव्हती. मला मात्र रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती, कारण हातगाडी येतच होती.

दोनच्या भोंग्याला एल्फेडच्या अठ्ठावन्न झाल्या. हेडनच्या एकोणपन्नास, सगळ्या त्याच्याच नावावर. पाचव्या मिलच्या अठ्ठावीस. सातव्या मिललाही म्हातारी माणसं होती, तिच्या एकोणतीस. टिपिंग यांनी आठ आकडे एकाखाली एक लिहिले आणि समाधानाने बघितले.

"हे बघा," ते म्हणाले, "आता हे खरे आकडे वाटतात."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

घरी शेगडीसमोर टब ठेवून मी गोमरच्या पाठीवर पाणी ओतत होते. बराच वेळ तो दम खात होता. मग म्हणाला, "अठ्ठावन्न नीट लिहिलेस ना?"

"लिहिले."

"आणि आमचे?"

"अठ्ठावीस."

"बरोबर आहेत," तो म्हणाला, आणि साबण मागितला. हातातला जग त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. त्याऐवजी मी साबण दिला.

जूनमध्ये अहवाल आला. नीट टाइप केलेला, कोणाबद्दल वाईट शब्द नाही. आठ मिल मिळून पाळीला जेवढा माल काढतात तेवढा सहा मिल काढू शकतात, प्रत्येकीने पन्नासच्या आसपास काढला की झालं, आणि पन्नास जमतात हे दिसलेलंच आहे. पाचवी आणि सातवी मिल थंड झाली. एका पाळीतले आठजण, तीन पाळ्यांचे चोवीस घरी बसले. गोमरला पेन्शनला पावणेदोन वर्षं कमी पडली.

मॅनेजर खुशीत होता. माणशी माल किती निघतो त्याचा नवा आकडा त्याने मला दिला आणि आलेखाच्या नव्या प्रतीवर ठिपका टाकायला सांगितला. मी पट्टी लावली, निळी शाई घेतली आणि साठ वर्षांत पहिल्यांदा आमची रेघ वर नेली. अंगठ्याएवढी. कारखान्यातून निघणारा माल तेवढाच होता, भागाकारात खालची माणसं तेवढी कमी झाली होती. रेघ स्वच्छ आली.

त्या आठवड्यात एल्फेडच्या सत्तेचाळीस आल्या आणि मी सत्तेचाळीस लिहिल्या. कोपऱ्यात नऊ पेट्या उरल्या होत्या. कोणाच्या, असं मॅनेजरने विचारलं. कोणाच्याच नाहीत, असं मी सांगितलं. त्या कारखान्याच्या खात्यात जमा झाल्या.

रविवारी चॅपेल सुटल्यावर एल्फेड आमच्या दारात उभा राहिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कांद्याची पात हातात होती, त्याच्या स्वतःच्या वाफ्यातली. आत ये म्हटल्यावर आला, पण टोपी काढून हातातच धरून बसला.

"मी थांबायला हवं होतं, गोमर."

गोमर खुर्चीत टेकून बसला होता. "छप्पन्नवर थांबला असतास तर जन्मात तुझ्याशी बोललो नसतो," तो म्हणाला.

दोघं हसले. गोमरचं हसणं नेहमीसारखं खोकल्यात गेलं आणि ते संपेपर्यंत एल्फेड टोपीकडे बघत राहिला. मी हसले नाही. मी कपाटातून आलेखाचा कागद काढला. फळीवरचा तो पहिला कागद मीच काढून आणला होता, एल्फेडच्या बोटाचा ठसा अजून त्यावर होता. तो टेबलावर पसरून मी विचारलं, "सेथकाका परत कोणत्या साली आले रे?"

एल्फेडने बोटं मोजली. "मी शाळा सोडली त्या उन्हाळ्यात. म्हणजे नऊ साली. ऑगस्टमध्ये आले ते. तिकडची हवा मानवली नाही त्यांना."

मी लाल रेघेवर बोट ठेवलं, जिथे ती अडतीस सोडून उठते तिथे. गोमर खुर्ची पुढे ओढून वाकला. एल्फेडने ती जागा बघितली, खालचं साल वाचलं, मग पुन्हा वर बघितलं. किटली उकळायला लागली होती, मी ती बाजूला केली.

"ते कोणत्या मिलवर होते आणि ती कधी थंड झाली, ते यात लिहिलंय का?" त्याने विचारलं.

"ते कोणी लिहीत नाही."

मग त्याने पातीची जुडी टेबलाच्या मधोमध, कागदावरच ठेवली आणि उठला.

"त्यांना खोकला होता," एल्फेड म्हणाला. "आम्हाला वाटायचं, तिकडच्या हवेचा आहे."